आधी फौज, मग फायरमन? वय मोजून ठरवा

तुमचा भाचा गुहागरचा, वय 19, बारावी सायन्स. फायरमन व्हायचंय, तर आधी अग्निवीर होऊन यावं का, असं तुम्ही विचारलंय. फौजेतून आलेल्याला फायरची नोकरी हमखास मिळते, हा समज आधी डोक्यातून काढा. चार वर्षं करून आलेल्या अग्निवीराला माजी सैनिकाचा दर्जा नसतो, त्यामुळे माजी सैनिकांचं आरक्षण त्याला मिळत नाही. कायम होतात ती जास्तीत जास्त 25 टक्के मुलं.

खरा घोळ वयाचा. सीआयएसएफच्या (केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल) कॉन्स्टेबल/फायर भरतीला 18 ते 23 वय, बारावी सायन्स, उंची 170 सेंमी आणि 24 मिनिटांत 5 किमी धावणं लागतं. वय आणि शिक्षण यांत तो आजच बसतो. अग्निवीर होऊन परत येईपर्यंत ही मर्यादा उलटलेली असेल. केंद्राने 2022 मध्ये अग्निवीरांना निमलष्करी दलांत 10 टक्के आरक्षण आणि वयात 3 वर्षांची सूट जाहीर केली (पहिल्या तुकडीला 5), पण वयाची सूट एक-दोन भरतींपुरतीच पुरते. म्हणून माझं स्पष्ट मत: फायर हेच ध्येय असेल तर सीआयएसएफचा फॉर्म आधी भरा, अग्निवीरचा सोबत.

फौजेतच जायचं असेल तर नौदल. बारावीला गणित-फिजिक्स असेल तर एसएसआर, म्हणजे बारावीनंतरची नौसैनिक भरती. जहाजाला आग लागली की बंब येत नाही, म्हणून तिथे प्रत्येक नौसैनिकाला आग विझवायला शिकवतात. लोणावळ्याला आयएनएस शिवाजी या नौदलाच्या प्रशिक्षण तळावर त्याची वेगळी शाळाच आहे. पोलादी भिंतीतून उष्णता शेजारच्या खोलीत जाते आणि तिथला रंग, केबल पेटतात. म्हणून आग लागलेली खोली बंद करून सगळ्या बाजूंच्या भिंतींवर पाणी मारत राहायचं. पण तेच पाणी आत साचून हलायला लागलं की जहाज कलतं, त्यामुळे मारलेलं पाणी उपसायचंही असतं. श्वसनयंत्राचा सराव इथे पक्का होतो. दाढी असेल तर मास्क चेहऱ्याला घट्ट बसत नाही आणि धूर आत शिरतो. सिलिंडरचा दाब 50-55 बारवर आला की शिट्टी होते, पण परतायचं ते त्याआधी, आत जायला लागलेली हवा मोजून. लोटे, महाड, रोह्याच्या केमिकल कारखान्यांत हेच कौशल्य लागतं. नौदलात केलेल्या प्रत्येक फायर कोर्सची नोंद सुटताना मिळणाऱ्या कागदांत आहे ना, हे मात्र बघून घ्यायला सांगा.

लष्कराच्या आयुध डेपोत नागरी फायरमन भरतात. दहावी पास, वय 18 ते 25, उंची 165 सेंमी, छाती 81.5 सेंमी आणि फुगवून 85. मुलं गळतात ती इथे: 63.5 किलोचा माणूस खांद्यावर घेऊन 96 सेकंदांत 183 मीटर, 2.7 मीटरची उडी दोन्ही पायांवर, 3 मीटर उभ्या दोरावर चढणं. वाळूच्या पोत्यावर सराव करू नका. पोतं खांद्यावर गप्प पडून राहतं, माणसाचे पाय लोंबतात आणि तोल मागे जातो. मित्राला आडवा घ्यायचा, त्याचा एक हात आणि एक पाय आपल्या एकाच हातात पकडायचा. शेवटच्या पन्नासेक मीटरला मांड्या भरून येतात, म्हणून सराव 220 मीटरचा. माडावर सरसर चढणारी पोरंही दोरावर अडकतात, कारण दोर पायांत अडकवून धरायची सवय नसते. धावायला समुद्राची वाळू आठवड्यातून एकदाच. बाकी दिवस सड्यावर किंवा मैदानात, चाचणी कडक जमिनीवर असते.

नगरपालिका-महानगरपालिकेच्या जाहिरातीत बहुतेक वेळा सांताक्रूझच्या राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा 6 महिन्यांचा कोर्स मागतात. खाजगी संस्थेत पैसे भरण्याआधी तिचं प्रमाणपत्र जाहिरातीत चालतं का, ते वाचा. फौजेचा अनुभव या कोर्सची जागा घेत नाही.

सगळ्यात आधी मात्र डोळे तपासा. सीआयएसएफला चष्म्याशिवाय एका डोळ्याला 6/6, दुसऱ्याला 6/9 लागतं आणि रंगांधळेपणा असेल तर फौज आणि फायर दोन्ही दारं बहुतेक बंद. रत्नागिरीला जिल्हा रुग्णालयात ही तपासणी या आठवड्यातच करून घ्या.