ख्रिस्ती कोचचे कौशल्य तपासायचे कसे?

प्रश्न : आमच्या गटातील दहा जण ख्रिस्ती दृष्टिकोनातून कोचिंग करतात, म्हणजे उपदेश न करता प्रश्न विचारून समोरच्याला स्वतःचा मार्ग शोधायला मदत करतात. अभिप्रायाच्या फॉर्मवर जवळजवळ सर्वच जण ‘खूप आशीर्वाद मिळाला’ असे लिहितात आणि पाचपैकी पाच गुण देतात. मग कोणाचे कौशल्य किती, हे ठरवावे कसे? प्रार्थनाशीलता आणि वचनाचे, म्हणजे बायबलचे, ज्ञान यांनाही गुण द्यावेत का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : देऊ नयेत. कोणाची श्रद्धा किती खोल, हे परीक्षकाला दिसत नाही. त्याला फक्त संभाषण ऐकू येते, आणि गुण द्यायचे ते त्या संभाषणालाच. अभिप्रायाचे फॉर्म फार तर समाधान सांगतात, आणि आपल्यासाठी प्रार्थना करणाऱ्याला चार गुण देण्याचा संकोच कोणालाही वाटेल.

कोचिंगच्या तासांची नोंद उपयोगी असली, तरी ती अपुरी आहे. १९९५ मध्ये स्थापन झालेली, कोचना प्रमाणपत्र देणारी इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही संस्था पहिल्या स्तराच्या प्रमाणपत्रासाठी १००, दुसऱ्यासाठी ५०० आणि तिसऱ्यासाठी २,५०० तासांचा अनुभव मागते. पण तेवढ्यावर न थांबता कौशल्याचे मूल्यमापनही करते. तुम्हीही सत्रांचे ध्वनिमुद्रण आणि त्याची शब्दशः लिखित प्रत हाच आधार धरावा. दोन परीक्षकांनी ती स्वतंत्रपणे तपासावी, प्रत्येक गुणापुढे संभाषणातले नेमके वाक्य पुरावा म्हणून लिहावे आणि त्यानंतरच एकमेकांचे गुण पाहावेत.

समजा, समोरची व्यक्ती म्हणाली, “मंडळीतली (चर्चमधली) जबाबदारी सोडावीशी वाटते.” त्यावर “देवाने सोपवलेले काम असे अर्धवट सोडता येईल का?” असे कोचने विचारले, तर शेवटी प्रश्नचिन्ह असूनही तो उपदेशच आहे. “सोडावीशी वाटते, असे म्हणताना मनात काय चालले आहे?” असे विचारून तो गप्प बसला, तर त्याला गुण मिळायला हवेत. बायबलमधील मार्ककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात आंधळ्या बार्तीमयाची गरज उघड दिसत असूनही येशू त्याला काय हवे, हे आधी विचारतो. कोचिंगचे मर्म सांगताना मला हाच प्रसंग सर्वांत आधी आठवतो.

वचन आणि प्रार्थना यांच्यासाठी निकष हवा, पण तो वापराचा. सत्रात प्रार्थना करायची की नाही, हे आधी ठरले होते का? वचन कोणी काढले, आणि ते आल्यावर समोरच्याचा विचार पुढे गेला की तिथेच थांबला? ज्याला वचने भरपूर पाठ आहेत, त्याचीच येथे अधिक कसोटी लागते, कारण उत्तर त्याच्या ओठांवर तयार असते.

ध्वनिमुद्रणाला संमती अर्थातच हवी. मात्र कोच हाच त्या व्यक्तीचा पाळक (चर्चचा धर्मगुरू) असेल, तर तिला नकार देणे अवघड जाते. अशा कोचनी परस्परांना दिलेली सत्रे तपासणीसाठी घ्यावीत, आणि परीक्षकही त्यांच्या मंडळीबाहेरचा असावा.