बंद बोंडातली अळी

प्रश्न : सर, आमची अमळनेर तालुक्यात कोरडवाहू कपाशी आहे. मुलगा बारावी सायन्सला. दिवाळीनंतर वेचणी चालू असताना त्याचं नि माझ्या सासऱ्यांचं बांधावरच वाजलं. तो म्हणाला, शास्त्रज्ञांनी काचेच्या भांड्यात जीव तयार करून दाखवलाय, देवबिव काही नसतं. सासऱ्यांनी एक हिरवं बोंड फोडून त्याच्यापुढे धरलं नि विचारलं, "बंद बोंडमा अळी कथाईन उनी, सांग मग?" पोरगा गप्प झाला. तेव्हापासून दोघं एका पंगतीला बसत नाहीत. भरीत केलं तरी दोन वेळा ताटं वाढायची. सासरे माळकरी आहेत. खरं कोणाचं, आणि मी कोणाला काय सांगू?

उत्तर : ताई, आधी तुमच्या मुलाची बाजू सोडवतो, कारण तो गप्प झाला याला आम्ही मास्तर जबाबदार आहोत. कपाशीच्या घरातला, जीवशास्त्र शिकणारा पोरगा, आणि बोंडअळी कुठून येते ते त्याला माहीत नाही!

बोंड आज बंद दिसतं, पण अळी शिरली तेव्हा ते इतकं पोसलेलं नव्हतं. गुलाबी बोंडअळीचा पतंग रात्री फिरतो. मादी पात्यांवर, फुलांवर, कोवळ्या बोंडांवर अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी इतकी बारीक असते, की तिने पाडलेलं भोक बोंड वाढताना बुजून जातं. फुलात शिरली तर पाकळ्या आतून धाग्याने शिवून टाकते, तीच आपली डोमकळी. तुमच्या वावरात कामगंध सापळे (मादीच्या वासाने भुलवणारे) असतील तर त्यात नर पतंग अडकतात. आजोबांना ते दाखवा आणि सांगा, हे त्या अळीचे बाप.

पण म्हणून आजोबा अडाणी ठरत नाहीत. अंडज, जारज, उद्भिज आणि स्वेदज अशा जिवांच्या चार खाणी आपल्या जुन्या लोकांनी मानल्या. स्वेदज म्हणजे घामातून, ओलीतून आपोआप होणारे. कणगीतल्या ज्वारीत किडे पाहिलेल्या माणसाला दुसरं काय वाटणार? युरोपातही शेकडो वर्षं हेच मानत. १६६८ साली इटलीतल्या फ्रान्सेस्को रेदीने मांसाची काही भांडी उघडी ठेवली, काहींवर कापड बांधलं. कापडाखालच्या मांसात अळ्या झाल्या नाहीत. माश्यांना तिथे बसताच आलं नव्हतं.

पुढे सूक्ष्म जंतूंचा वाद उरला. १८६०च्या सुमारास फ्रान्सच्या लुई पाश्चरने हंसाच्या मानेसारख्या वाकड्या नळीच्या चंबूत रस्सा उकळून ठेवला. हवा आत जात होती, पण धूळ आणि तिच्यासोबतचे जंतू नळीच्या वळणात अडकायचे. रस्सा टिकला. चंबू कलंडवून रस्सा त्या वळणापर्यंत नेला की तो नासायचा. म्हणजे जीव जिवातूनच होतो. आपल्याकडच्या केळीचं बघा. कंदाला मुनवे, म्हणजे पिलं, फुटतात, त्यांचीच पुढे पिलबाग होते. टिश्यू कल्चरचं रोप बाटलीत वाढतं खरं, पण बाटलीत आधी जिवंत केळीचा तुकडा घालावा लागतो.

मग सगळ्यांत पहिला जीव कशातून झाला? कीर्तनात हा प्रश्न टाळ्या घेतो, आणि प्रश्न चांगलाच आहे. फक्त तो देवानेच केला हे ठरवायला पाश्चरला साक्षीला उभं करतात ते मला पटत नाही. त्याने आजच्या हवेत, थोड्या काळात रस्सा नासतो का एवढं तपासलं. पृथ्वी सुमारे ४५४ कोटी वर्षांची आहे. सुरुवातीच्या हवेत मोकळा ऑक्सिजन जवळपास नव्हता, आणि तयार झालेलं खाऊन टाकायला आधीचे जीवही नव्हते. रशियाच्या ओपारिनने १९२४ साली आणि इंग्लंडच्या हाल्डेनने १९२९ साली, एकमेकांना न विचारता, साधारण हेच मांडलं : अशा समुद्रात साध्या रसायनांतून हळूहळू गुंतागुंतीची रसायनं बनली असावीत. (हे हाल्डेन पुढे भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले.)

आता मुलाचं काचेचं भांडं. इथे मला माझीच चूक सांगायला हवी. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मी वर्गात झोकात सांगितलं, "मिलरने प्रयोगशाळेत जीव बनवला!" मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "सर, मंग तो जिवंत आहे का अजून?" वर्ग हसला. मी त्याला बाहेर काढलं. घरी येऊन पुस्तक नीट वाचलं, तेव्हा कळलं की बाहेर मी जायला हवं होतं.

स्टॅन्ली मिलर तेव्हा शिकागो विद्यापीठात हॅरॉल्ड यूरी यांच्याकडे संशोधन करणारा विद्यार्थी होता. त्याने बंद काचयंत्रात मिथेन, अमोनिया आणि हायड्रोजन भरले, खाली पाणी उकळत ठेवलं, आणि वाफेत विजेच्या ठिणग्या पाडल्या. आठवडाभरात पाणी गुलाबी होत होत गडद लाल झालं. १९५३ साली त्याने निष्कर्ष छापले : त्या पाण्यात ग्लायसीन, ॲलानीन अशी अमिनो आम्लं सापडली. प्रथिनं ज्यांची बनतात त्या या विटा. २००७ साली मिलर वारला. त्याच्या जुन्या कुप्या नंतर नव्या यंत्रांनी तपासल्या, तर एका प्रयोगाच्या कुप्यांत वीसहून जास्त अमिनो आम्लं निघाली.

पण विटा पडल्या म्हणजे घर उभं राहिलं असं नाही, आणि घरात कोणी राहायला आलं असं तर नाहीच. शिवाय तेव्हाच्या हवेत मिथेन-अमोनिया इतके नसावेत, कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन जास्त असावेत, असं पुढे पुष्कळ शास्त्रज्ञांचं मत झालं. विटांपासून स्वतःची नक्कल काढणारा रेणू कसा झाला, त्याभोवती पेशीचं आवरण कसं आलं, यावर अजून काम चालू आहे. ‘आधी आरएनए’ (डीएनएचा भाऊबंद रेणू) म्हणणारे आहेत, समुद्रतळाच्या गरम झऱ्यांपासून सुरुवात करणारे आहेत. संपूर्ण जीव अजून कोणीही नुसत्या रसायनांपासून बनवलेला नाही. मुलाने हे आजोबांपुढे कबूल करावं. त्याची बाजू त्याने लंगडी पडत नाही.

आणि आजोबांना माझ्या वतीने एवढं विचारा : देवाला बंद बोंडात कशाला बसवता? बोंड उकललं की त्याला तिथून उठावं लागतं. रेदीने मांसातून उठवला, पाश्चरने रश्श्यातून. उद्या पहिल्या पेशीचंही उत्तर मिळालं, तर पुन्हा उठायचं? मी स्वतः आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरतो आणि जीव रसायनांतून आला असंही मानतो. ती घागर भरताना मला मिथेन आठवत नाही.

आजोबा पोथ्या वाचत असतील तर ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या १२९व्या सूक्ताचा अर्थ त्यांना नातवाकडून वाचून घेऊ द्या. नासदीय सूक्त म्हणतात ते. ऋषी म्हणतो, देवसुद्धा या सृष्टीच्या नंतरचे, मग ही कुठून झाली ते कोणाला ठाऊक? वर आकाशात जो हिचा अध्यक्ष आहे त्याला ठाऊक असेल. किंवा त्यालाही नसेल.

पंगतीचं म्हणाल तर माझा सल्ला साधा आहे. दोन ताटं वाढणं बंद करा. पुढच्या हंगामात फुलं लागली की दोघांना डोमकळ्या वेचायला एकाच ओळीत धाडा. आजोबांची नजर पोराला येईल, आणि पोराची आजोबांना.

प्रश्न : चौऱ्याऐंशी लक्ष योनी विज्ञानाने सिद्ध केल्या, कारण शास्त्रज्ञांनी ८७ लाख प्रजाती मोजल्या, असा मेसेज आमच्या शिरपूरच्या ग्रुपवर फिरतोय. खरं आहे का?

उत्तर : मोजल्या नाहीत, अंदाज केला. २०११ सालच्या एका शोधनिबंधात तो आहे, तेरा लाख इकडे किंवा तिकडे असं धरून, आणि त्यात जिवाणू धरलेलेच नाहीत. तेव्हा यादीत नाव लागलेल्या प्रजाती सुमारे बारा लाख होत्या. परंपरेतल्या चौऱ्याऐंशी लाखांची फोड सांगतात त्यात चार लाख योनी माणसांच्या आणि दहा लाख पक्ष्यांच्या आहेत. माणसाची आज एकच प्रजाती आहे, पक्ष्यांच्या आजवर सापडलेल्या सुमारे अकरा हजार. बाकीचे पक्षी कुठल्या झाडावर बसलेत, ते मेसेज पाठवणाऱ्या भाऊंना विचारा.