वेताळ टेकडीवर पक्ष्यांचे आवाज रेकॉर्ड करताना माइकला फोम लावूनही वाऱ्याची घरघर येते. काय करावं?

फोमवरून केसाळ विंडशील्ड, म्हणजे ‘डेडकॅट’, चढवा. उघड्या टेकडीवर नुसता फोम पुरत नाही. ती घरघर येते माइकच्या पडद्यावर थेट आदळणाऱ्या हवेमुळे, आणि लांब केस त्या हवेचा जोर आधीच मोडतात. रेकॉर्डरवर ८० हर्ट्झचा लो-कट, म्हणजे त्याखालचे खोल आवाज गाळणारा फिल्टर, ठेवा, रेकॉर्डिंगची लेव्हल उणे १२ डेसिबलच्या आसपास; वाऱ्याच्या झोताने क्लिप झालेला, म्हणजे मर्यादेपलीकडे जाऊन फाटलेला आवाज नंतर धड सुधारत नाही. माइक हातात धरू नका. छोट्या ट्रायपॉडवर, गुडघ्याएवढ्या उंचीला, झुडपाच्या आडोशाला लावा. जमिनीलगत वारा कमी असतो. मात्र थोडी घरघर राहिली म्हणून लो-कट वाढवत नेऊ नका: भारद्वाजाचं खोल घुमणारं ‘कूप-कूप’ पातळ होतं, आणि टेकडीवरचा तोच आवाज मला सर्वांत मोलाचा वाटतो.