'हवामान बदललं' आणि 'हवामानबदल'

प्रश्न असा आहे : ऐन थंडीच्या दिवसांत आठवडाभर उकडत राहिलं, तर त्याला 'हवामानबदल' म्हणता येईल का?

माझ्या मते नाही. गोंधळ होतो, कारण मराठीत 'हवामान' दोन्हीकडे राबतं : उद्याच्या अंदाजातही तेच आणि तीस-तीस वर्षांच्या सरासरीतही तेच. हिंदीने दुसऱ्या अर्थासाठी 'जलवायु' वेगळा ठेवला. आपल्याकडे 'हवामान बदललं' म्हटलं की ऐकणारा अंगाला लागणाऱ्या झळांवरून अर्थ लावून मोकळा होतो. आणि माणसं खरोखरच तसं करतात. २०११ सालच्या एका अभ्यासात, ज्यांना तो दिवस नेहमीपेक्षा गरम वाटला, त्यांचा तापमानवाढीवरचा विश्वासही जास्त आणि काळजीही जास्त, असं आढळलं. उलट बाजूने, फेब्रुवारी २०१५मध्ये तापमानवाढ न मानणारे अमेरिकी सिनेटर जेम्स इन्होफ यांनी बाहेर थंडी आहे हे दाखवायला थेट सभागृहात बर्फाचा गोळा आणला होता!

तापमान, पर्जन्यमान यांतलं 'मान' म्हणजे माप. तेव्हा एका दिवसापुरतं साधं 'हवा' म्हणावं ('आज हवा फार तापली आहे') आणि वर्षानुवर्षांच्या मोजमापातून दिसतो तो 'हवामानबदल', एकत्र जोडून लिहिलेला. 'हवापालट' इथे अजिबात नको; तो प्रकृती सुधारायला दुसऱ्या गावी जाऊन करायचा असतो.

खरा फसवा शब्द 'नेहमीपेक्षा'. नेहमी म्हणजे कधीपासून? हवामानशास्त्राची सध्याची प्रमाण सरासरी १९९१ ते २०२० या काळाची आहे. आपल्या मनातलं 'नेहमीचं' मात्र भराभर पुढे सरकतं : २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतल्या ट्वीट्सवर आधारलेल्या अभ्यासात ते साधारण मागच्या दोन ते आठ वर्षांवरून ठरतं असं दिसलं. म्हणजे दर उन्हाळा थोडा थोडा तापत गेला, तरी तोंडून 'नेहमीसारखंच ऊन आहे' निघणार. म्हणून लिहिताना 'अमुक काळाच्या सरासरीपेक्षा' असं स्पष्ट लिहावं.

'-मुळे' हा प्रत्ययही जपून लावावा. 'हवामानबदलामुळे उष्णतेची लाट आली' यात दुसरं कारणच उरत नाही. युरोपातल्या २००३च्या भयंकर तापलेल्या उन्हाळ्याबद्दल शास्त्रज्ञांनी पुढच्याच वर्षी मांडलं ते असं, की माणसाच्या हस्तक्षेपाने इतक्या उष्णतेची जोखीम किमान दुप्पट झाली असण्याची दाट शक्यता आहे. मराठीत हे सहज सांगता येतं : 'हवामानबदलाने अशा लाटांची शक्यता वाढवली आहे.'