मुंढ्यापाशी कात्री हळू होते

“मॅडम, डोळे मिटले की मन आणखीच उधळतं. मला ध्यान जमतच नाही.” अशी तक्रार घेऊन माझ्याकडे बरेच जण येतात. या ताई ४५ वर्षांच्या, घरीच ब्लाउज शिवणाऱ्या (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). रोज २० मिनिटांचा गजर लावून श्वास मोजायच्या, चुकलं की पुन्हा एकपासून. उठायच्या त्या स्वतःवरच चिडून.

मी ध्यान बाजूला ठेवलं आणि विचारलं, “रेशमी कापड कसं कापता?”

त्या सावरून बसल्या. हात माझ्या टेबलावर चालू लागले. “ओढायचं नाही. ओढलं की उरेपात, म्हणजे तिरकं, ताणतं. कात्रीचं खालचं पातं टेबलाला टेकलेलं ठेवायचं, ती आपसूक पुढे जाते.”

“तेव्हा मन कुठे असतं?”

“तिथंच की,” म्हणाल्या, आणि गप्प झाल्या.

मग मी त्यांना डिंग नावाच्या आचाऱ्याची गोष्ट सांगितली. चीनमधल्या ताओ परंपरेतली, च्वांग त्झू या विचारवंताच्या ग्रंथातली, दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची. डिंग राजासमोर बैल कापतो. साधा आचारी दर महिन्याला सुरी बदलतो, चांगला आचारी दर वर्षाला. डिंगची मात्र १९ वर्षं तीच, आणि धार आत्ताच लावल्यासारखी. कारण तो हाडावर घाव घालत नाही, सांध्यातल्या मोकळ्या जागेतून पातं नेतो. जोर न लावता, समोरच्या गोष्टीच्या ठेवणीप्रमाणे वागणं म्हणजे ताओ विचारातलं ‘वू वेई’.

“म्हणजे प्रयत्नच करायचे नाहीत?”

तसं नाही. समोर नुसता अख्खा बैल दिसायचा, ते थांबायलाच डिंगला तीन वर्षं लागली. आणि १९ वर्षांनंतरही अवघड गाठीपाशी तो सावध होतो, नजर रोखतो, हात अगदी हळू करतो. मला या गोष्टीत हीच जागा सर्वांत मोलाची वाटते.

“मुंढ्याच्या, बाही जोडतो त्या वळणावर मीही अशीच हळू होते,” ताई म्हणाल्या.

गजर बंद केला. रोजचा पहिला ब्लाउज मोबाइल आतल्या खोलीत ठेवून कापायचा, मन भरकटलं तर त्याला न दटावता बोटांखालच्या कापडाकडे यायचं, एवढंच ठरलं. झोप उडणं, छातीत धडधडणं असं काही नाही ना, हे आधी विचारून घेतलं होतं. तसं असेल तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

तिसऱ्या भेटीत त्या म्हणाल्या, “रोज नाही जमत. पण काल कापताना मुलाच्या फीची काळजी आली. येऊ दिली. बघते तर मुंढा कापून झालेला, खडूची रेघ कुठे सुटली नव्हती.”