केस लॉक केली, तरी नाव फुटलं

प्रश्न : मुलगी बीसीए झाली आणि साताऱ्यात एका वकिलांच्या ऑफिसात लागली. नऊ जणांचा स्टाफ, सगळ्या केसेस एका सॉफ्टवेअरमध्ये. पोक्सोची एक केस इतरांना दिसू नये असं कर, असं साहेबांनी तिला सांगितलं. तिनं ती लॉक केली, तरी तिसऱ्या दिवशी टायपिस्टला केसमधल्या पीडित मुलीचं नाव दिसलं. बोलणी खावी लागली. आता ती म्हणते, हे काम माझं नाही. यात पुढे काही आहे, की पुण्याला आयटीत पाठवू? – एक पालक, कराड

उत्तर : नमस्कार. राजीनामा एवढ्यात देऊ नका. केस लॉक झाली म्हणजे तिच्याशी जोडलेलं सगळं लॉक झालं, असं तुमच्या मुलीला वाटलं. हे काम पहिल्यांदा हातात घेणाऱ्या बहुतेकांना तसंच वाटतं. पण फाईल एका जागी असली, तरी तिची माहिती सात-आठ ठिकाणी सांडलेली असते : तारखांचं कॅलेंडर, नेमून दिलेली कामं, अशिलांची यादी, फीची बिलं, मोबाइलवर येणाऱ्या सूचना, स्कॅनरचं सामायिक फोल्डर, जोडलेला ड्राइव्ह. कितीतरी सॉफ्टवेअरमध्ये यातल्या काहींची परवानगी वेगळी द्यावी लागते. नाव बहुधा कॅलेंडरमधून फुटलं असावं, कारण तारीख टाकली की केसचं शीर्षक तिथे आपोआप उमटतं. म्हणून नाजूक केसच्या शीर्षकात नाव नकोच, ऑफिसचा अंतर्गत क्रमांक टाकावा. स्कॅन केलेल्या फाईललाही तोच. आडनावानं सेव्ह केलेली पीडीएफ सामायिक फोल्डरमध्ये पडून राहिली, तर सॉफ्टवेअरचं कुलूप काय कामाचं?

यादी करायची ती ज्यांना केस दाखवायची त्यांची. ज्यांना दाखवायची नाही त्यांची यादी केली, तर पुढच्या महिन्यात आलेला नवा ज्युनिअर त्या यादीत नसतो आणि त्याला सगळं दिसतं. ‘सर्व स्टाफ’ नावाचा गट केसला जोडलेला राहिला तरी हेच होतं.

तपासणी तिनं स्वतःच्या लॉगिननं केली असेल, तर तिला काहीच कळणार नाही. ॲडमिनला काय दिसतं, यावरून टायपिस्टला काय दिसतं हे समजत नाही. टायपिस्टच्या परवानग्या दिलेलं एक चाचणी खातं काढावं आणि त्यातून आडनाव, मोबाइल नंबर, विरुद्ध पक्षाचं नाव आणि कोर्टानं केसला दिलेला सोळा अक्षर-अंकी सीएनआर नंबर शोधून पाहावा. मग महिन्याचा अहवाल काढून एक्सेलमध्ये उतरवावा. लपवलेली केस अशा अहवालात उघडी पडू शकते.

आता खरा अवघड भाग. केस सगळ्यांपासून लपवली, तर उद्या विरुद्ध पक्षाचा भाऊ वकीलपत्र द्यायला येईल, आपल्या क्लार्कला शोधात काहीच सापडणार नाही आणि ऑफिस दोन्हीकडून अडकेल. त्यामुळे पूर्ण शोधाचा अधिकार साहेबांकडे किंवा एका जबाबदार माणसाकडे हवाच, आणि नवं काम घेण्याआधी नाव त्याच्याकडून तपासून घ्यावं. साताऱ्या-कराडकडे भावकी आणि पाहुणे कुठून कुठे निघतील सांगता येत नाही. साधा वाटपाचा दावा असला, तरी आपल्याच क्लार्कचा मेव्हणा समोर असेल तर ती केस त्या क्लार्कपुरती बंद करावी लागते. केस नोंदवताना ‘ऑफिसातल्या कुणाचं नातं?’ असा एक रकाना तिनं जोडून घ्यावा.

दुसरी नेहमीची अडचण : उद्या तारीख आहे आणि परवानगी असलेला ज्युनिअर तापानं पडलाय. अशा वेळी फोनवर पासवर्ड सांगितला जातो. तसं झालं की फाईल कोणी उघडली याची नोंद खोटी ठरते. तात्पुरती परवानगी द्यावी आणि तारीख झाली की त्याच संध्याकाळी काढून घ्यावी. नोकरी सोडून गेलेल्याचं खातंही त्याच दिवशी बंद करावं. ते पुसू मात्र नये, जुन्या नोंदी त्याच्या नावावर असतात.

साहेब इतके का रागावले, हेही तिला कळू द्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे लैंगिक गुन्ह्यातील पीडितेची ओळख प्रसिद्ध करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ मधलं गोपनीयतेचं बंधन वकिलासोबत त्यांच्या कर्मचाऱ्यांनाही लागू आहे, म्हणजे तिलाही. त्या केसमधली मुलगी याच जिल्ह्यात शाळेत जाणारी असेल, हे मी वेगळं सांगायला नको.

पुण्याचं म्हणाल, तर तिथल्या आयटीत ‘आयडेंटिटी अँड ॲक्सेस मॅनेजमेंट’ ही स्वतंत्र शाखाच आहे आणि तिचं मूळ काम हेच. वर्षभर इथे नीट केलेलं काम मुलाखतीत सांगता येईल. बँका आणि हॉस्पिटलांनाही अशी माणसं लागतात. शिवाय १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालंय. सातारा-सांगलीची उच्च न्यायालयातली कामं तिकडे चालतात आणि फाईल दोन गावांच्या ऑफिसांत फिरते, तेव्हा कोणाला किती दिसावं हा प्रश्न आणखी वाढतो. तीन वर्षांची एलएलबी तिच्या मनात असेल तर सीईटी द्यावी लागेल. वर्गात ७० टक्के हजेरी लागते, पूर्ण वेळ नोकरीत ती जमणं कठीण, म्हणून ती घाई आत्ता नको.

सोमवारी तिनं साहेबांकडून एका कागदावर तीन गोष्टी लिहून सही घ्यावी : कोणत्या केसेस बंद ठेवायच्या, त्या कोण पाहणार, आणि यादीत बदल कोणाच्या सांगण्यावरून करायचा.