कूस बदलताना ब्रह्मांड आठवतं

ताई, मला सत्ताविसावा आठवडा चालू आहे. हे दुसरं बाळंतपण, मोठी मुलगी तीन वर्षांची आहे. गेला महिनाभर खाली पुढच्या हाडात, अगदी मधोमध, सुरी फिरवल्यासारखं दुखतं. कधी कळ जांघेत उतरते, कधी मागे कंबरेखाली एका बाजूला. जिना चढताना, सलवार घालताना जीव नकोसा होतो. रात्री कूस बदलायची तर आधी पाच मिनिटं मनाची तयारी करावी लागते. कधी कधी कट्‌ असा आवाजही येतो. डॉक्टरांना सांगितलं तर "होतं असं गरोदरपणात" म्हणाले आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. सासूबाई म्हणतात, भरपूर चाल, मोकळी होशील. नवरा वाईट नाही, पण त्याच्या बहिणीला असलं काही झालं नव्हतं म्हणे. मुलगी "आई, उचल" म्हणते, मी नाही म्हणते, मग दोघी रडतो. बाळाला काही होत नसेल ना? आणि डिलिव्हरीत हे हाड मोडलं तर? सरळ सिझेरियन मागून घेऊ का?
— कूस न बदलता येणारी

आधी बाळाचं सांगते, कारण तेच वाचायला तू इथवर आली असणार. या दुखण्याने बाळाला काहीही होत नाही. त्याला त्याचा पत्ताही नाही. दुखतंय ते तुला, आणि म्हणूनच कदाचित कोणी फारसं मनावर घेतलेलं नाही.

आता दुखण्याचं नाव. याला 'पेल्व्हिक गर्डल पेन' म्हणतात, म्हणजे ओटीपोटाभोवती जे हाडांचं कडं असतं त्याच्या सांध्यांचं दुखणं. साधारण पाच गरोदर बायकांमागे एकीला ते होतं. नाव मुद्दाम सांगते आहे. "खाली दुखतं" म्हटलं की समोरचा "होतं असं" म्हणतो. नाव घेऊन विचारलं की निदान खुर्चीत सावरून बसतो.

ते कडं डोळ्यांसमोर आण. पुढे दोन हाडं जवळ येतात आणि मधे कूर्चेची एक गादी असते. मागे माकडहाडाच्या वरच्या बाजूला, डावीउजवीकडे, आणखी दोन सांधे. एकूण तीन. पुढच्या सांध्यातली फट एरवी चारपाच मिलिमीटरची असते, गरोदरपणात ती दोनतीन मिलिमीटरने वाढते. शरीर बाळासाठी जागा करतंय, सांधे बांधून ठेवणारे पट्टे सैल सोडतंय, त्यात बिघडलेलं काही नाही. सैलपणा सगळ्याच गरोदर बायकांना येतो, सगळ्यांना दुखत मात्र नाही. त्रास होतो तो बहुधा हे तीन सांधे एकमेकांच्या तालात हलत नाहीत तेव्हा. एक अडतो, दुसरा जास्त हलतो, आणि आजूबाजूचे स्नायू कडं धरून ठेवायच्या धडपडीत आखडतात. आधी कंबर दुखत असेल, कधी जोरात पडली असशील, किंवा पहिल्या वेळीही थोडं असं झालं असेल, तर शक्यता वाढते. तुझ्या नणंदेचे सांधे नणंदेचे, तुझे तुझे. ही काही सहनशक्तीची परीक्षा नाही, की ती पास झाली आणि तू नापास.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मला वाटलं, निदान तूच लिहून पाठवलं आहेस. जिना. सलवार. कूस. तिन्हीत एक गोष्ट सारखी आहे: भार एका पायावर जातो, नाहीतर पाय एकमेकांपासून फाकतात. या दुखण्याची हीच खूण, आणि उपायाची सुरुवातही इथूनच. दिवसभर एवढंच बघायचं की दोन्ही पाय बरोबरीने वागतात का.

सलवार बसून घाल. पलंगाच्या कडेवर बसायचं, दोन्ही पाय घालून सलवार गुडघ्यांपर्यंत ओढायची, मगच उभं राहायचं. चपलाही बसूनच. जिन्यावर एक पायरी, मग दुसरा पाय त्याच पायरीवर, मग पुढची. चढताना कमी दुखणारा पाय आधी, उतरताना जास्त दुखणारा आधी, आणि कठड्याला हात. हळू वाटेल, वाटू दे. गाडीत बसताना आधी पाठमोरी होऊन सीटवर टेक, मग गुडघे जुळवून दोन्ही पाय एकदम आत घे. सीटवर प्लास्टिकची पिशवी ठेवलीस तर अंग सहज फिरतं. उकिडवं बसणं, एका पायावर रेलून उभं राहणं, पायावर पाय टाकणं, पायाने जड वस्तू सरकवणं हे सध्या बंद.

आणि कूस. मराठीत कूस म्हणजे बाजूही आणि गर्भाशयही, हे मला माझ्या गरोदरपणात, याच दुखण्यात, रात्री तीन वाजता आठवायचं आणि रागच यायचा. असो. झोपताना दोन गुडघ्यांच्या मधे उशी घे, ती पुरेशी लांब हवी, घोट्यांपर्यंत पोचायला हवी. फक्त गुडघ्यात ठेवली तर वरच्या पायाचं पाऊल लोंबतं आणि सांधा पुन्हा पिळला जातो. वळायचं असेल तेव्हा थांब. गुडघे वाकवून एकमेकांना चिकटव. उशी तिथेच राहू दे आणि गुडघ्यांनी ती हलकी दाब, जसं काही तिथून कोणी ती ओढून नेणार आहे. श्वास सोड, आणि सोडतानाच खांदे, कंबर, गुडघे एकदम फिरव, लाकडाचा ओंडका लोळवावा तसं. आपण एरवी आधी वरचं अंग वळवतो आणि पाय मागून फरपटत आणतो, कळ नेमकी तिथे येते. गादीवर गुळगुळीत कापड असेल तर अजून सोपं. उठताना आधी पूर्ण कुशीवर ये, गुडघे जुळलेलेच पलंगाखाली सोड आणि हाताच्या रेट्याने बस. पहिल्या रात्री हे सगळं ड्रिलसारखं वाटेल. चौथ्या रात्री हात आपोआप उशीकडे जाईल.

तो कट्‌ आवाज नुसता आवाज असेल तर त्याला घाबरू नकोस. मुद्दाम काढून मात्र बघायचा नाही.

सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे. अंथरुणाला खिळून राहिलीस तर स्नायू ढिले पडतात आणि दुखणं वाढतं. पण 'भरपूर' हा शब्द चुकीचा आहे. हे दुखणं उधारीवर चालतं: सकाळी तासभर चाललीस तर तेव्हा काही वाटत नाही, वसुली रात्री होते. म्हणून छोट्या फेऱ्या, छोटी पावलं, मधे बसणं, आणि कळ सुरू व्हायच्या आधी थांबणं. पाण्यातला व्यायाम करायची सोय असेल तर उत्तम, फक्त पाय फाकवून मारायची बेडकासारखी लाथ टाळायची.

आता डॉक्टर. पुढच्या तपासणीला नुसतं "दुखतं" म्हणू नकोस. कागदावर लिहून ने: कुठे दुखतं, काय करताना दुखतं, रात्री किती वेळा जाग येते, काय करता येईनासं झालंय. मग सरळ म्हण, "मला पेल्व्हिक गर्डल पेन आहे का ते तपासा आणि गरोदर बायकांना हाताळणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवा." तपासणी साधी असते: सांधे दाबून बघतात, उताणं झोपवून एकेक पाय सरळ उचलायला सांगतात. त्यासाठी एक्सरेची गरज नसते. फिजिओथेरपिस्ट ओटीपोटाच्या तळाचे, पोटाचे आणि नितंबांचे स्नायू बळकट करायला शिकवेल, अडलेला सांधा हाताने मोकळा करेल, बेल्ट लागेल का ते बघेल. बेल्ट पोटावर नाही, खाली खुब्यांवर बसतो आणि चालताना लावायचा, आराम करताना काढायचा. फारच दुखत असेल तर कुबड्याही देतात. त्यात लाजण्यासारखं काय आहे? मोडलेल्या पायाच्या माणसाला आपण विचारतो का, काठी कशाला घेतलीस?

गोळ्यांचं थोडक्यात. पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारून, ते सांगतील तेवढीच. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या जातीची गोळी घरात पडलेली असेल तरी तोंडात टाकू नकोस. विसाव्या आठवड्यानंतर त्याने बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊन भोवतालचं पाणी कमी होऊ शकतं. अमेरिकेच्या औषध नियामकांनी 2020 मध्ये तसा स्पष्ट इशारा दिला आहे. कंबरेला कोमट शेक चालेल, चटका बसेल इतका नको.

सिझेरियन. मला तुझी भीती कळते, पण एवढ्यासाठी ते मागू नकोस. हे दुखणं असलेल्या बहुतेक बायकांची डिलिव्हरी नॉर्मल होते. सांधा फारच फाकण्याचा प्रकार क्वचित घडतो, नाही असं नाही, पण त्या भीतीपोटी आधीच पोट फाडून घेण्यात शहाणपण नाही. आधीच दुखणारं कंबरडं, वर पोटाला टाके आणि घरात तीन वर्षांची मुलगी, हा हिशेब मांडून बघ. त्याऐवजी हे कर: खुर्चीच्या कडेवर बसून, कळ न येता गुडघे किती लांब जातात ते टेपने मोज. तो आकडा फाइलवर लिहून घे आणि डिलिव्हरीच्या वेळी सोबत असणाऱ्याला पाठ करायला लाव. प्रसूतीत शक्यतो गुडघे त्या अंतरात ठेवायचे. कुशीवर झोपून किंवा हातागुडघ्यांवर ओणवं होऊन बाळंत होता येतं का ते आधीच विचार. टेबलावर पाय वर घ्यावे लागलेच तर दोन्ही एकदम उचलायला सांग. एपिड्युरल, म्हणजे कळा कळू नयेत म्हणून पाठीत देतात ते इंजेक्शन, घेतलंस तर हे जास्तच जपायचं, कारण तेव्हा दुखून इशारा मिळत नाही.

हे सगळं सांध्यांच्या दुखण्यापुरतं. रक्त किंवा पाणी जाणं, ताप, लघवीला जळजळ, ठरावीक वेळाने पोट कडक होणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, मांड्यांच्या मधे बधिरपणा किंवा लघवी अडणं, यातलं काहीही झालं तर माझं पत्र बाजूला ठेवून त्याच दिवशी, त्याच तासाला डॉक्टर गाठ.

बाळंतपणानंतर बहुतेकींचं हे काही आठवड्यांत, काही महिन्यांत ओसरतं. माझं तिसऱ्या महिन्यापर्यंत चाललं होतं. गरोदरपणात मी जिना खेकड्यासारखी आडवी उतरायचे आणि विचारणाऱ्याला "गुडघा धरलाय" असं खोटं सांगायचे. गुडघा म्हटलं की लोक हळहळतात, 'तिथे' दुखतं म्हटलं की नजर चोरतात. तू खोटं बोलू नकोस. नवऱ्याला हे पत्र वाचायला दे, आणि "मदत कर" असं मोघम म्हणू नकोस. जड पिशव्या, लादी पुसणं, मुलीची आंघोळ ही कामं त्याची, असं नावानिशी सांग.

राहता राहिली मुलगी. तुझ्या पत्रातली सगळ्यात जास्त कळ त्या एका वाक्यात आहे. कडेवर घेणं म्हणजे सगळं वजन कंबरेच्या एका बाजूला, म्हणजे तुझ्यासाठी सगळ्यात वाईट. पण तिला उंची नको आहे, तू हवी आहेस. तू सोफ्यावर बस आणि तिला म्हण, "आई उचलू शकत नाही, पण तू चढू शकतेस." चढेल, शेजारी घुसेल, मिठी मारेल. "आईच्या पोटाखालचं हाड दुखतंय, बाळामुळे नाही" हेही सांग, नाहीतर ती मनातल्या मनात बाळावर खार खाईल. रात्री तुझ्या शेजारी झोपत असेल तर उश्या मात्र दोन ठेव. एक ती पळवणारच.